सकपाळदादांचा लाकडी जिना

यशवंत सकपाळ यांची आणि माझी पहिली भेट एका अडकलेल्या कपाटामुळे झाली. माझ्या लग्नात वडिलांनी गिरगावातल्या दुकानातून सागवानी कपाट घेऊन दिलं होतं. करी रोडच्या आमच्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं अडकलं की पुढे सरकेना आणि मागेही येईना. वरच्या बाजूला कामावर निघालेले दोन-तीन जण अडकले. खाली मासळीची पाटी डोक्यावर घेऊन एक कोळीणबाई उभी होती.

"ए भावा, कपाट हलव की! माझी मासळी काय उडून वर जानार हाय?" ती ओरडत होती.

"मावशी, नवरीचं कपाट आहे," वरून कुणीतरी म्हणालं.

"मंग नवरीला सांग, आजचा सौंसार जिन्यातच कर!"

मी नव्या साडीत, त्या कपाटाच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. माझे यजमान सुधीर तेव्हा जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॉलिशचं काम शिकत होते. त्यांनी आपल्या उस्तादांना बोलावून आणलं. हातात पिशवी घेतलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ जिना चढून आले. आजूबाजूचे सगळे त्यांना सल्ले देऊ लागले. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कपाटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कपाट तुझं ना गो? सुटं करू का?"

सासरी आल्यापासून मला कुणीतरी काहीतरी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी मान हलवली. त्यांनी तिथेच जिन्यात कपाटाच्या फळ्या एकेक करून सोडवल्या, लोकांच्या हातात दिल्या आणि वर नेऊन परत जोडल्या. कोळीणबाईनेसुद्धा एक फळी वर आणली आणि दारात बसून चहा पिऊनच गेली. ते कपाट आजही माझ्या घरात आहे. दार किंचितही कुरकुरत नाही.

दादांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी लिहावं, असं समितीने कळवलं, तेव्हा मी नाही म्हणणार होते. मला लिहिण्याची सवय नाही. दादरला हिंदमात्याजवळच्या एका साडीच्या दुकानात मी बरीच वर्षं हिशेब लिहिले, तेवढाच माझा लेखणीशी संबंध. आणि हा लेख खरं तर सुधीर यांनी लिहायला हवा होता. ते असते तर त्यांनीही मलाच लिहायला बसवलं असतं आणि शेजारी बसून चुका काढल्या असत्या. ते तीन वर्षांपूर्वी गेले. म्हणून त्यांच्या वाटचंही मीच लिहिते आहे.

दादांची माहिती बहुतेकांना आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचं बालपण गेलं. गिरणीच्या सुतारखात्यात ते काम शिकले. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी आमच्या इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतला. हळूहळू आजूबाजूच्या गाळ्यांत सुतार, गादीवाले, पॉलिशवाले येत गेले. एकाने लाकूड कापायचं, दुसऱ्याने जोडायचं, तिसऱ्याने गादी बसवायची, चौथ्याने पॉलिश करायचं, असं आमचं काम चालतं. एक खुर्ची चार गाळे फिरून मग बाहेर पडते.

माझं कपाट अडकल्यावर दादांनी एक गोष्ट केली, ती मात्र नव्या लोकांना माहीत नसेल. त्यांनी आमच्या चाळीत येऊन जिन्याच्या त्या वळणाचं माप घेतलं आणि आपल्या गाळ्याच्या कोपऱ्यात फळ्यांचं तसंच वळण उभं केलं. कठड्यासकट. इस्टेटमध्ये त्याला 'जिना' असंच म्हणतात. तेव्हापासून रिवाज असा, की कुठल्याही गाळ्याचं मोठं फर्निचर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी दादांच्या जिन्यातून पार व्हायला हवं. ज्याचा माल अडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. या चहापायी आमचे सुतार इतके हुशार झाले, की डोळ्यांनी बघूनच दोन बोटं कमी करायची त्यांच्या हाताला सवय लागली. या सवयीने पुढे काय केलं, ते सांगतेच.

आता करी रोडला टॉवर उभे राहिले. मोठमोठ्या लिफ्ट आल्या. आमच्या शेजारच्या गाळ्यातले गादीवाले युसुफभाई दादांना नेहमी चिडवतात, "दादा, अब तो जिना तोडो. लोग कपाट लेके सीधा आसमान में जाते हैं."

दादा म्हणतात, "लिफ्ट बंद पडते, युसुफ. बंद पडलेला जिना तू कधी बघितलास का?"

सुधीर गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खूप लोक आले, खूप बोलले. दादा मागे बसून होते. सुधीर यांचा पॉलिशचा गाळा मी सोडून द्यायचं ठरवलं होतं. साडीच्या दुकानातून आल्यावर मी त्यांना हाताशी मदत करायची, पण गाळा चालवणं वेगळं. किल्ली परत द्यायला मी इस्टेटमध्ये गेले, तर दादा एक स्टूल घेऊन माझ्या गाळ्याच्या दारात उभे होते.

"सुधीरसाठी काय बोलायचं ते मला सुचत नाही गो," ते म्हणाले. "एवढ्या स्टुलाला पॉलिश करून दे."

"दादा, मला त्यांच्यासारखं येत नाही."

"त्याच्यासारखं कशाला? तुझ्यासारखं कर."

मी कापडाचा बोळा घेतला, स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत बुडवला आणि बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पाट आणला. मग एक खुर्ची. कुणाची ऑर्डर आहे ते कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काही दिवसांनी बघते तर त्यांच्या गाळ्यात सगळा जुनाच माल नव्याने चकाकत होता. किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली.

त्याच सुमारास परदेशी कंपन्यांची चर्चा सुरू झाली. जगभर फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीने शहराबाहेर भलंमोठं दुकान उघडलं. इस्टेटमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले. पण दुकान बघून यायची हौसही प्रत्येकाला होती. युसुफभाई रविवारी सहकुटुंब जाऊन आले. सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "एकेक गादीपे लेट के आया. तिसरी पे नींद लग गई, बीवी ने उठाया."

"मग कशी आहे गादी?" दादांनी विचारलं.

"दुश्मन की तारीफ करवाओगे क्या, दादा?" युसुफभाई म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "अच्छी है."

दादाही गेले. प्रत्येक खुर्ची उलटी करून बघू लागले. तिथल्या रखवालदाराने विचारलं, "काका, काय हरवलं का?" दादा म्हणाले, "सांधा शोधतोय, बाबा." त्या दुकानातून ते एक सुट्या भागांचं टेबल घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांना जमवून ते जोडायला बसले. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, यावर दुपारचे डबे थंड होईपर्यंत वाद झाला. दादा मात्र खूश होते. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "हे लोकसुद्धा सुटं करून नेतात आणि वर जाऊन जोडतात. म्हणजे ह्यांच्याकडेपण कुणाचं तरी कपाट अडलं असणार." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुधीर गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा.

काही महिन्यांनी आणखी एका परदेशी कंपनीची माणसं आमच्याकडेच आली. त्यांना काही माल इथेच बनवून घ्यायचा होता. त्यांच्या बाई क्लारा, उंच आणि कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक आपले साहेब होते, ते दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगत. त्यांनी गाळे बघितले, काम बघितलं. सुतारकाम आवडलं, गाद्या आवडल्या. सगळ्यांच्या वतीने दादांशी करार करायचा असं ठरत आलं. शेवटी साहेब म्हणाले, "फक्त पॉलिश आम्ही आमच्या कारखान्यात करून घेऊ. ते इथे नको."

इस्टेटमध्ये तेव्हा पॉलिशचा एकच गाळा उरला होता. माझा. इथला सगळा माल बिनपॉलिशचा बाहेर जाणार असेल, तर माझ्याकडे हात फिरवायला काहीच उरणार नव्हतं.

दादा म्हणाले, "मग आमचंही नको. घ्यायचं तर सगळे गाळे घ्या."

पाहुणे गेल्यावर मोठी गरमागरमी झाली. लोक दादांना असं कधी बोलले नव्हते. ज्यांच्याकडे महिनोन्महिने काम नव्हतं त्यांचा राग मला समजत होता. युसुफभाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "दादा, एक गाळे के लिए सबका नुकसान? वहिनी को हम सब मिल के संभाल लेंगे ना!"

मी संध्याकाळी दादांकडे गेले आणि सांगितलं, "दादा, तुम्ही सही करा. मी गाळा सोडते. मला साडीच्या दुकानात परत घेतील."

दादा रंधा मारत होते. थांबले नाहीत. "तुझं कपाट अडलं होतं तेव्हा आपण ते टाकून दिलं का?"

"नाही."

"कठडा तोडला का?"

"नाही."

"मग? सुटं करून बघू. त्यांना पॉलिश नको म्हणजे नेमकं काय नको, ते आपण विचारलंच नाही अजून."

दादा क्लाराबाईंना स्वतः भेटायला गेले. परत आले ते उत्तर घेऊन. आमच्या पॉलिशमधल्या स्पिरिटचा त्यांना धोका वाटत होता, आग लागण्याचा. शिवाय हाताच्या कामात प्रत्येक नगाचा रंग थोडा वेगळा येतो, तो त्यांना चालत नव्हता. ते पाण्यात मिसळायचं पॉलिश वापरतात. दादांनी त्याचे दोन डबे मागून आणले होते. "सगळं काम मिळून एक नमुना द्या, मग बघू," असं बाईंनी कबूल केलं होतं.

ते पॉलिश माझ्या ओळखीचं नव्हतं. लाख हाताखाली ऊब धरते, हे थंडगार पाणी. पहिल्या फळीवर डागच डाग पडले. युसुफभाई बघून म्हणाले, "वहिनी, ये पॉलिश है या कोंकण का नक्शा?" पण दुसऱ्या दिवशी तेच आपल्याकडच्या मऊ फोमचे तुकडे घेऊन आले, बोळ्याऐवजी वापरून बघायला. आणि त्यानेच काम जमलं. दादा सत्तरीच्या पुढचे, पण शिकाऊ माणसासारखे माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे आणि चुकलेल्या फळ्या घासून परत तयार करून द्यायचे. सुधीर याच जागी बसून त्यांच्याकडून शिकले होते.

नमुन्याचं कपाट तयार झालं. क्लाराबाई आल्या. त्यांनी कपाटाच्या चारही बाजूंनी हात फिरवला, उजेडात नेऊन रंग बघितला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी टेप काढली आणि माप घेतलं. परत घेतलं. साहेबांशी काहीतरी बोलल्या. साहेब आमच्याकडे वळले, "कपाट दोन बोटं कमी का आहे?"

सगळे भिंतीकडे वळले. बाईंनी दिलेला मापांचा नकाशा तिथे लावलेला होता, सगळ्यांनी वाचला होता. पण कापणाऱ्याला वाटलं, जिन्यात अडेल, म्हणून त्याने कमी कापलं. जोडणाऱ्याला ते बरोबरच वाटलं. आणि कपाट जिन्यातून झर्रकन गेलं तेव्हा दादांनी स्वतः टाळी वाजवली होती. जिथे हे कपाट विकलं जाणार होतं तिथे आमचा जिना नव्हता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दादा पुढे झाले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "कपाट तुमचं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं." आणि त्यांनी बाईंना कोपऱ्यातला जिना दाखवला. माझ्या लग्नातल्या कपाटापासून सगळी हकिगत साहेबांनी त्यांना समजावून सांगितली. बाईंनी कठड्यावर हात ठेवून बघितलं. मग शेजारी पडलेलं एक मोठं शेल्फ उचलायला युसुफभाईंना खूण केली. एका टोकाला युसुफभाई, एका टोकाला बाई, असे दोघं जिन्यात शिरले. वळणावर बाईंचं टोक भिंतीला लागलं आणि त्या कठड्याच्या आत अडकल्या. पुढे येईनात, मागे जाईनात.

युसुफभाई जोरात ओरडले, "अटक गई! अडला त्याचा चहा!"

इस्टेटभर हसू पसरलं. बाईंना अर्थ कळल्यावर त्या तर सगळ्यांत जास्त हसल्या. त्या दिवशी सगळ्या गाळ्यांना त्यांनी चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं, "काम सुंदर आहे. पण हे माझं कपाट नाही. माझ्या मापाने परत करा." दादांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या वेळी कपाट नकाशाबरहुकूम झालं. दादांनी एवढंच विचारलं, की ते मधोमध दोन भागांत सुटं होईल असं केलं तर चालेल का. बाईंनी आपल्या लोकांना विचारून होकार कळवला. करार झाला तो सगळ्या गाळ्यांचा, पॉलिशसकट. माझ्या गाळ्याच्या दारावर सुधीर यांच्या नावाची पाटी आहे. ती मी त्या दिवशी उतरवली, त्याच नव्या पॉलिशचा एक हात दिला आणि परत लावली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या तयार खुर्च्यांमुळे काहींचं काम गेलंच, काही गाळे बंद झाले. त्यांपैकी ज्यांना यायचं होतं त्यांना दादांनी करारातल्या कामावर आपल्याकडे घेतलं. जे गेले त्यांच्या घरी ते अजून जातात.

दादांबद्दल आणखी किती सांगावं! सहा डिसेंबरला दादरला बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांना टेकायला जागा हवी, म्हणून त्यांनी घडीची बाकं बनवली आहेत. दरवर्षी ती टेम्पोत भरून ते स्वतः घेऊन जातात. ती बाकंसुद्धा आधी जिन्यातून जातात. कुणी नवीन मुलगी किंवा सून गाळ्यात कामाला आली, तर ते तिला आधी विचारतात, "तुला कुठलं काम आवडेल?" त्यांच्या पत्नी शेवंतावहिनी म्हणतात, "सगळ्या जगाला विचारतात, घरी भाजी कुठली आणू ते मला कधी विचारत नाहीत." यावर दादा म्हणतात, "तिथे उत्तर ठरलेलं असतं गो, म्हणून."

आता शेवटची हकिगत, कालपरवाची. पंचाहत्तरीसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून दादांना न कळवता एक आरामखुर्ची केली. लाकूड सुतारांचं, गादी युसुफभाईंची, पॉलिश माझं. दादांना ऐसपैस बसता यावं म्हणून हात चांगले रुंद ठेवले. दादा जेवायला घरी गेलेले बघून आम्ही ती जिन्यातून काढायला घेतली. रिवाज तो रिवाज. आणि खुर्ची वळणावर अडकली.

आम्ही तिला तिरकी करतोय, उलटी करतोय, तेवढ्यात मागून आवाज आला, "कुणाची खुर्ची रे?"

सगळे खुर्चीसमोर आडवे उभे राहिले. शेवटी युसुफभाई म्हणाले, "आपकीच है, दादा."

दादांनी जवळ येऊन खुर्चीवर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "माझ्यासाठी होती तर मला विचारायचं तरी. आता चहा सांगा. आणि परत करा. माझ्यासाठी जिना रुंद होणार नाही."

"कठड्याची एक फळी काढू का, दादा?" एकाने विचारलं.

"हात लावून तर बघ!"

म्हणून समारंभाच्या दिवशी दादांना खुर्ची मिळणार नाही, हे सर्वांना कळवते. तिचे हात सुटे केले आहेत आणि ती सध्या माझ्या गाळ्यात आहे. मला घाई नाही. पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पुढे दरवर्षी वाढदिवसाला तिच्यावर एक नवा हात मी देणार आहे. त्यासाठी खुर्ची दरवर्षी गाळ्यात यावी लागेल आणि दरवर्षी जिन्यातून जावी लागेल.

दादा, तुमची तब्येत ठणठणीत राहो. गुडघे कुरकुरू नयेत, नजर अशीच बारीक राहो. खुर्ची वळणावर आली की दरवर्षी तुम्ही समोर उभे असा आणि ती जराशी जरी अडली, तरी आम्हा सगळ्यांकडून चहा वसूल करा. सुधीर यांच्या वाटचा चहा माझ्याकडे लागला.